मामांची ब्लॅकबेरी

अख्ख्या आखातात ब्लॅकबेरीबद्दल माझ्या बायकोच्या मामांइतकी माहिती कुणाला नसेल, आणि ती न खाण्याचा एवढा पक्का निर्धारही दुसऱ्या कुणी केला नसेल. मामा मस्कतच्या बौशर भागात आमच्याच इमारतीत, एक मजला खाली राहायचे. लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत त्यांची सगळी नोकरी झाली, पण मनाने त्यांचा मुक्काम व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कुठल्याशा इंग्रजी खेड्यात असे. चहाला गेलं की बाहेर अंगाची लाही होतेय आणि आत मामा सांगतायत, की तिकडे सप्टेंबर लागला की शाळा कशा ओस पडत, बायका-पोरं डबे घेऊन बांधाबांधाने कशी हिंडत, आणि कुंपणावरची ब्लॅकबेरी कशी कुणाच्याच बापाची नसे. कुठलीही गोष्ट मुबलक असली की ती ‘ब्लॅकबेरीसारखी’. मस्कतमध्ये गाड्या धुणारे ब्लॅकबेरीसारखे, रमजानात सेल ब्लॅकबेरीसारखे. ऑक्टोबरात उकाडा जरा कमी झाला की त्याला तिकडच्या खेडुतांसारखं ‘ब्लॅकबेरी समर’ म्हणायचं आणि गळ्याला मफलर गुंडाळायचा. सप्टेंबर सरला की सैतान ब्लॅकबेरीवर थुंकतो, मग ती खायची नाही, अशी तिकडे समजूत होती म्हणे. मामा ती इथे फ्रिजमधल्या मुरांब्याला लावायचे. एक ऑक्टोबरला उरलेली बरणी आमच्या घरी येई. सैतान आमच्या घरचा मुरांबा सोडून देतो, असा त्यांचा हिशोब असावा.

एकदा मला महिनाभर खोकला होता. मामा म्हणाले, “डॉक्टर राहू दे, जावईबापू. ब्लॅकबेरीची फांदी वाकून पुन्हा जमिनीत रुजली की कमान होते. तिच्याखालून रांगत गेलं की डांग्या खोकला जायचा.” ब्लॅकबेरी कुठून आणणार? इमारतीच्या आवारात एक बोगनवेल वाकलेली होती, तिच्यावर भागवायचं ठरलं. मी ऑफिसच्या कपड्यांत तिच्याखालून रांगतोय, मामा मागून “डोकं खाली, डोकं खाली” म्हणून सूचना देतायत, आणि वॉचमन येऊन विचारतोय, “साब, चाबी गिरा क्या?” खोकला अँटिबायोटिकने गेला. श्रेय अर्थातच बोगनवेलीला मिळालं.

पण खरी कमाल त्यांच्या काठीची. उंच फांद्या खाली ओढायला तिकडचे लोक आकडीची काठी नेत, म्हणून मामांनी मत्रहच्या बाजारातून तशीच आकडी असलेली उंट हाकायची काठी घेतली. दुकानदार गुजराती, पिढ्यान्पिढ्या तिथलाच. त्याने अदबीने विचारलं, “कितने ऊंट हैं, सेठ?” मामा म्हणाले, “एक भी नहीं. बेरी तोडने के लिए.” ज्या देशात ते झुडूप औषधालाही नाही, तिथे ही काठी घेऊन मामा रोज फिरायला जात. तिने त्यांनी काय काय ओढलं असेल: मॉलमधल्या ट्रॉल्या, सोफ्याखालची चप्पल, एकदा तर बंद होणारं लिफ्टचं दार, आणि तेही स्वतःच्याच कंपनीने बसवलेलं.

मला मात्र एका गोष्टीचं कुतूहल होतं. मामांची मुलगी मुक्ता लग्नानंतर इंग्लंडात स्थायिक झालेली, आणि तिच्या घरामागे ब्लॅकबेरीचं रान माजलेलं. दर वर्षी ती बोलवायची, मामा काहीतरी निमित्त काढायचे. मामी गेल्यावर तर तिने “आता माझ्याकडेच राहा” असा धोशा लावला. दर सप्टेंबरात ती स्वतः बेरी तोडून जाम करी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर बरणी पाठवी. त्या सगळ्या बरण्या मामांच्या शोकेसमध्ये सीलबंद उभ्या होत्या. एकदा मुक्ता फोनवर माझ्या बायकोला म्हणाली, “ताई, बाबांना मी नको आहे का गं? माझा जामसुद्धा उघडत नाहीत.” बायकोने फोन ठेवला आणि मला सरळ खाली पाठवलं.

मी विचारलं. मामांनी काठी कोपऱ्यात उभी केली. मग म्हणाले, “आमच्या शाळेत इंग्रजीच्या धड्यात ब्लॅकबेरी आली. गुरुजींनी तरी कुठे पाहिली होती? म्हणाले, चवीला आपलं करवंदच रे. मग सगळा धडा मी आमच्या टेकडीवर बसवला. ती इंग्रज पोरं, त्यांचे डबे, सगळे आमच्या टेकडीवर. पुढे वाचलं ते सगळं तिथेच घडलं. आता तिथे चिरेखाण आहे, जावईबापू. टेकडीच नाही. उरलीय ती एवढीच, माझ्या डोक्यातली. बेरी खाल्ली आणि चव दुसरीच निघाली, तर पोरं जायची कुठे?”

मी सुपरमार्केटातली ब्लॅकबेरी खाल्ली होती. करवंदाशी तिचा काडीचा संबंध नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना निझवावरून वर जबल अखदरच्या डोंगरावर नेलं. रस्त्याकडेला एक म्हातारा ओमानी परडीत बारीक काळी फळं घेऊन बसला होता. “बूत,” तो म्हणाला, आणि मूठभर मामांच्या ओंजळीत टाकली. मामांनी एक तोंडात टाकलं. दुसरं टाकलं. मग त्यांनी ओठ उघडायचा प्रयत्न केला आणि ते चिकटलेले निघाले, करवंदाच्या चिकाने चिकटतात तसे. बायको म्हणाली, “मामा, काय झालं?” मामांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“पेड किधर है?” त्यांनी विचारलं. म्हाताऱ्याने वरच्या कातळाकडे बोट दाखवलं. “किसका है?” “अल्ला का. यल्ला, चलो,” म्हणत तो उठून वाट दाखवायला पुढे निघाला. मामांनी काठी उचलली. इतकी वर्षं ट्रॉल्या ओढणाऱ्या त्या आकडीने त्यांनी फांदी खाली ओढली आणि शर्टाचे खिसे काळेजांभळे होईपर्यंत फळं तोडली. मध्येच थांबून म्हणाले, “एवढी वर्षं या देशात काही पिकत नाही म्हणत होतो मी.”

घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी त्यांनी शोकेसमधली एक बरणी काढली. झाकण घट्ट बसलं होतं, ते मी उघडून दिलं. मामांनी बोटाने जाम चाटला आणि डोळे मिटून बसले.

“गुरुजी चुकले,” ते शांतपणे म्हणाले. “ही वेगळीच आहे.” मग पुन्हा बोट घातलं. “पण मुक्तीला जमलाय हो.” आणि तिला फोन लावला. ती पलीकडे रडायला लागली, आणि हे आपले विचारतायत, साखर किती घालतेस.

सप्टेंबर लागायच्या आत मामा कायमचे तिकडे गेले, काठीसकट. सप्टेंबर सरता सरता मुक्ताच्या ओळखीचं कुणी आलं, त्यांच्या हाती एक बरणी आली. चिठ्ठीवर मामांचं ते तिरपं अक्षर: ‘स्वतः तोडलेली. सैतान थुंकायच्या आत खाणे.’

ऑक्टोबर निम्मा सरलाय. खालच्या फ्लॅटमध्ये नवे भाडेकरू आलेत, चहाला कुणी हाक मारत नाही. रोज सकाळी मी बरणी हातात घेतो, आणि रोज बायको म्हणते, “राहू दे ना, आजच कशाला उघडायची?”