तिचे झिजलेले बूट

कॉलेजसाठी मी सिल्लोडहून मामाकडं उस्मानपुऱ्यात राहायला आले, तेव्हा मामेबहीण टेनिस खेळायची. तिच्या नादानं मीही खेळू लागले. तिला नवे बूट आले की जुने मला मिळत. सिमेंटचं कोर्ट कानशीसारखं तळ खाऊन टाकी. सर्व्हिस करताना ती डावा पाय फरफटवायची, म्हणून डाव्या अंगठ्याखालचं रबर पार गुळगुळीत झालेलं असे.

"वरून कुठं फाटलेत? लई नखरे नकोत," मामी म्हणायची.

कॉलेजच्या संघात एकच जागा उरली आणि सरांनी आम्हा दोघींचा सामना लावला. कोर्टवर बारीक धूळ होती. पहिल्याच गेममध्ये तिनं चेंडू जाळीजवळ, माझ्या डावीकडं टाकला. मी धावले, पाय सटकला, गुडघा सोलला. तिनं पुन्हा तिथंच टाकला. मग पुन्हा. तेव्हा कळलं, तो बूट कुठं दगा देतो हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनंच तर तो झिजवला होता.

मी बूट काढून भिरकावले. तापलेल्या सिमेंटवर तळवे भाजले, पण पायांना पकड मिळू लागली. सलग दोन गेम घेतले तशी ती थांबली.

"सर, अनवाणी चालतं का?"

"बूट घाल, नाहीतर बाहेर हो," सर मला म्हणाले.

मी घातले. हरले. शेवटी ती जाळीपाशी हात पुढं करून उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं आणि पाठ फिरवली.

घरी मामी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. मी बूट उलटे करून पोळपाटाशेजारी ठेवले.

"आता तळ बघा."

"अन्नापाशी पायताण ठेवतीस? हेच शिकवलं व्हय तुझ्या आईनं?"

"आईला मधे आणू नका."

मामा दारात होता. तो तसाच मागं फिरला. पुढच्याच आठवड्यात मी मुलींच्या वसतिगृहात गेले.

परवा, कित्येक वर्षांनी, एका लग्नात मामेबहीण शेजारी येऊन बसली. "काय मजा यायची गं आपल्याला खेळताना!"

"तुला यायची," मी म्हणाले आणि ताट उचलून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले.