आईला झिप करताना
बाबांनी माझ्या लॅपटॉपला पाटी टांगली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्याला पायजम्याची जुनी नाडी आणि वर लाल स्केचपेनने लिहिलेलं: ‘माणसं आत आहेत. चालू करू नये.’

खापरखेड्याच्या वीज केंद्रात बाबांनी चौतीस वर्षं काढली. तिथे कुठल्याही यंत्रात माणूस शिरायच्या आधी परमिट निघतं आणि बटणावर अशी पाटी लागते. आतली सगळी माणसं मोजून बाहेर आली असं लिहून सही झाल्याशिवाय ती पाटी कोणी काढत नाही, मग साहेब असो की साहेबाचा साहेब. निवृत्तीनंतर आम्ही शहरात हुडकेश्वरला राहायला आलो, पण परमिट सोबत आलं. आमच्याकडे पाण्याची टाकी धुवायलाही परमिट लागतं.

या वेळचं निमित्त होतं वीज केंद्राच्या कॉलनीतल्या निवृत्तांची स्मरणिका. तिच्यात कर्मचाऱ्यांची यादी छापणार होते. यादीत बाबा होते, आई नव्हती. एकतीस वर्षं ती त्या कॉलनीत राहिली, पण नोकरीत नव्हती म्हणून कागदावर कुठेच नाही. तिचा एक फोटो त्यात छापून यावा, एवढंच बाबांना हवं होतं. फोटोत चाळिशीतली आई सायकल शिकते आहे, दोन शेजारणींनी मागून कॅरिअर धरलं आहे आणि आई जिवाच्या आकांताने ओरडते आहे. तिला जाऊन चार वर्षं झाली.

स्मरणिकेचं काम बाबांच्या शिफ्टमधले एक काका बघत होते. त्यांचा हुकूम असा की एका माणसाने एकच मेल पाठवायचा, तोही आज पाचच्या आत. बाबांनी शेहेचाळीस फोटो स्कॅन करून आणले होते. मी म्हटलं, सगळे एकाच झिप फाइलमध्ये दाबून पाठवू. दाबून हा शब्द मी वापरायला नको होता.

“तिले पण?” बाबांनी विचारलं.

“सगळ्यांनाच.”

“तिले दाबू नको वं. तिले दमा होता. इतवारीच्या बाजारात भांडे घ्याले गेलो तरी गर्दीत जीव घाबरा व्हायचा तिचा. पंचेचाळीस जणांत काहून कोंबून राहिली तू तिले?”

मी शाळेत विज्ञान शिकवते. मी शांतपणे सांगितलं, की गादीची गुंडाळी करून टेम्पोत टाकतो, सोडली की ती पुन्हा होती तशी होते, तसंच हे.

“गादीले दमा नसते,” बाबा म्हणाले.

वर्गात हे कोणी म्हटलं असतं तर त्याला बाहेर उभं केलं असतं. बाबांना कुठे उभं करणार? शेवटी आईचा फोटो फोल्डरमध्ये सगळ्यात पहिला ठेवायचा, म्हणजे उघडताच आधी तीच बाहेर येईल, यावर तडजोड झाली. परमिट निघालं, आणि मी चहा ठेवायला गेले तेवढ्यात पाटी लागली.

परमिट माझ्या नावाचं होतं, म्हणून पाटी असूनही तेवढं काम करायची मला मुभा होती. झिप केल्यावर एक्केचाळीस एमबीचे चाळीस झाले. असे फोटो आधीच दाबलेले असतात, ते आणखी दबत नाहीत, हे विज्ञानाच्या बाईंना ऐन वेळी आठवलं. बाबा मात्र खूश झाले. “पाहा, आपली कॉलनी नाही दबत,” म्हणाले. मेलमधून जास्तीत जास्त पंचवीस एमबी जाणार होते. फोटो लहान करू म्हटलं, तर तिचा चेहरा लहान होईल म्हणून तेही नको.

“मग माणसं कमी करा,” मी वैतागून म्हटलं.

बाबांनी ते मनावर घेतलं. आधी वीज केंद्राच्या धुराच्या चिमणीचे नऊ फोटो गेले, मग हारतुरे आणि पाहुणे गेले. तरी अजून एक काढायला हवा होता, आणि उरलेल्यांतला कोणी निघेना. एकाच्या घरी दुसरा फोटोच नव्हता, एकाची बायको स्मरणिकेची वाट पाहत होती. बाबांनी बराच वेळ पाहिलं आणि शाल-श्रीफळ घेतलेला स्वतःचा निरोपाचा फोटो बाहेर काढला.

“तुमचाच?”

“मी यादीत आहो ना. तिले जरा मोकळं होईल.”

पाचला दहा कमी असताना मेल गेला. मी पाटीला हात घातला, तर बाबांनी मनगट धरलं. तिकडे फाइल कोणी उघडली नव्हती, म्हणजे माणसं अजून आतच होती. मी डोक्याला हात लावला. रात्री काकांच्या घरी फोन केला तर कळलं, पाचची घाई करणारे काका सहा वाजता मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भरती झाले होते आणि तीन दिवस त्यांना स्क्रीन बघायची बंदी होती.

ते तीन दिवस लॅपटॉप बंद राहिला. सातवीची प्रश्नपत्रिका मी हाताने लिहिली. शाळेत सगळ्या बाया हसल्या आणि मी घरी येऊन बाबांवर चिडले. बाबा पाटी सरळ करून पुन्हा तिच्यासमोर बसले.

चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

“उघडली गा तुझी फाइल.”

“आधी कोण निघालं?”

“वहिनी.”

बाबा फोनकडे वाकले. “दम नाही ना लागला?”

आता काका हसणार, असं मला वाटलं. पण काकांनीही जन्मभर परमिटवर सह्या केल्या होत्या.

“नाही लागला,” ते म्हणाले. “सायकलवर बसून ओरडूनच राहिल्या अजून.”

मी उगाच चार्जरची वायर गुंडाळत बसले. बाबांनी परमिटचा कागद काढला, चष्मा लावला, घड्याळात पाहून वेळ टाकली आणि लिहिलं, सर्व माणसं बाहेर. खाली सही केली. मग आपल्या हाताने पाटी काढून लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

“कर आता चालू,” म्हणाले.