बरडावरचा बगीचा

अनुसयाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या जमिनीवर पालथ्या पडल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत मातीत गेलेला होता. सिंदेवाहीजवळच्या त्या गावात येऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता. माझे यजमान तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. गावामागे बरड होतं, मुरमाड उंचवट्याची पडीक जमीन. तिथे मी काटक्या वेचायला गेले होते. बाईंना साप चावला असं वाटून मी त्यांच्याकडे धावले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "थांबा, मास्तरीणबाई. पानी किती वर आलं ते पाहून राह्यली."

मग त्यांनी हात बाहेर काढला. रोपांच्या ओळीत त्यांनी एक अरुंद, खोल खड्डा करून ठेवला होता. बोटं ओली झालेली होती. त्यांनी ती पदराला पुसली आणि शेजारच्या कमरेएवढ्या रोपाला म्हणाल्या, "अजून दम धर." ते रोप संत्र्याचं होतं.

त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातलं ते धानाचं गाव. बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या वावरांच्या तुकड्यांमध्ये, पाणी अडवायचं, धान रोवायचं, बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले, मासे धरायचे, जंगलातून मोह वेचून आणायचा. संत्र्याचं झाड तिथे कोणी पाहिलेलंही नव्हतं. अनुसयाबाई वरूडकडच्या, संत्र्याच्या मुलखातल्या. त्यांचे वडील झाडांवर डोळे बांधायचे. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाची साल चिरून तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि केळीच्या सोपटानं बांधायचा, की पुढे त्या खुंटावर संत्र्याचं झाड वाढतं. मुलींना हे काम कोणी शिकवत नसे. वडिलांनी यांना शिकवलं होतं. ते गेल्यावर भावांनी वाटण्या केल्या आणि बगीचा तोडून कापूस पेरायचं ठरवलं. अनुसयाबाई त्या हिवाळ्यात माहेरी जाऊन राहिल्या. वडिलांच्या झाडांचे डोळे त्यांनी जंबेरीच्या रोपांवर बांधले आणि पावसाळ्यात ती रोपं टोपल्यांत भरून, छोट्या रेल्वेनं आणि पुढे बैलगाडीनं, सासरी आणली. मागे भावांनी बगीचा तोडला. वडिलांच्या हातची झाडं आता याच टोपल्यांत उरली होती.

पहिली रोपं त्यांनी घराजवळ लावली. श्रावणात बांध्या भरल्या आणि मुळं कुजली. जी चार तगली, त्यांचे डोळे काढून त्यांनी नवी रोपं केली आणि ती मातीचे उंच वरंबे घालून त्यांवर लावली. त्यांच्या खोडांतून डिंक पाझरला आणि त्यांतलीही बहुतेक वाळली. पुन्हा उरलेल्यांचे डोळे. या खेपेला त्यांनी नवऱ्याकडे बरड मागितलं. गोमाजीभाऊ अबोल गृहस्थ. "घे," एवढंच म्हणाले. त्या मुरमात अनुसयाबाईंनी खड्डे खोदले, बोडीतला गाळ डोक्यावरून वाहून नेऊन ते भरले आणि झाडं लावली. मी गावात आले तेव्हा ही तिसरी लावणी चालू होती.

बरडाच्या पलीकडे जंगल लागायचं. वाघाचा फेरा असला की गुराखी ती वाट सोडून द्यायचे. अनुसयाबाई मात्र संध्याकाळी रिकाम्या डब्यावर काठी वाजवत जायच्या आणि खड्ड्यात हात घालून पाणी बघून यायच्या. त्यांच्या सासूबाई मला म्हणायच्या, "धानाच्या घरी आली आन् दगडात जीव घालून राह्यली. सांगा न तिले तुमी." मी कशाला सांगते! मला स्वतःला नव्या जागी करमत नव्हतं आणि ही बाई मला मोठा आधार वाटायची.

एकदा मी त्यांना विचारलं, "एवढं कशासाठी? चार फळांसाठी?"

त्या म्हणाल्या, "आमच्याकडं बहार फुलला म्हंजे पिठाले वास येते, बाई. भाकर थापता थापता हात फुलाचा होते. बापाचं मले दुसरं काई भेटलं नाई."

बहाराची गोष्टही त्यांनीच मला समजावली. संत्र्याला नुसतं पाणी देऊन चालत नाही. फुलायच्या आधी काही दिवस पाणी तोडावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, झाड जिवाला घाबरतं आणि मग भरभरून फुलतं. पण त्या जमिनीत ओल कधी मरतच नसे. "इथली माती लय मायाळू हाय," अनुसयाबाई म्हणायच्या. "लेकराले रडूच देत नाई." म्हणून त्यांनी झाडांभोवती चर खणले आणि उन्हाळ्यात मुळं उघडी करून ठेवली. त्यांच्या तळहातांना कुदळीचे घट्टे पडलेले होते. मी दोन बाळंतपणं करून आले, त्यांची लेक शांता लग्न होऊन गेली, आणि बरडावर एक हिरवी रांग उभी राहिली.

आणि एका हिवाळ्यात झाडांना फळं लागली.

सारं गाव बरडावर लोटलं. पाटलांनी स्वतः फळ सोलून खाल्लं आणि "गोड हाय" म्हणाले. आमच्या मास्तरांनी पोरांना ओळीनं उभं करून एकेक फोड वाटली. सासूबाईंनी पहिलं फळ देवापुढे ठेवलं. गोमाजीभाऊंना तर काय करावं ते सुचत नव्हतं. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होते. अनुसयाबाईंनी एक फोड तोंडात घातली आणि बराच वेळ चावत राहिल्या. साल जाड होती, आत रस थोडा. सगळे गेल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, "लोकायचं तोंड गोड झालं, चांगलं झालं. पर हे संत्रं नोहे, बाई."

"पहिलंच वर्ष आहे," मी म्हणाले.

"हो. अजून एक बहार पायतो."

त्या वर्षी त्यांनी ताण देण्यात कसर ठेवली नाही. चर अधिक खोल केले. पुढच्या हिवाळ्यात फळं आली ती तशीच, जाड सालीची, कोरडी. दोन खोडांवर डिंक दिसू लागला होता. त्या दिवशी अनुसयाबाई झाडाखाली बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले.

"मरत नाईत, हेच वंगाळ झालं," त्या म्हणाल्या. "मेली असती तं मी परत लावली असती. हे जगून राह्यली माह्यासाठी. यायले इथी करमत नाई."

आठवड्याभरात त्यांनी प्रत्येक झाडाच्या डोळ्यांच्या काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि एकट्याच गाडीत बसल्या. सिंदेवाहीहून नागपूर, तिथून मोटारीनं वरूड. परत आल्या तेव्हा हात मोकळे होते. मी विचारलं, "भावांकडे दिल्या?"

"त्यायच्याकडं कापूस हाय. रस्त्यानं चालत गेली, बगीचे पाहत. एका जागची माती हातात घेतली, चांगली वाटली. बुढा होता तिथी. बाई मानूस डोळा बांधते म्हनून हासला. मंग एक बांधून दाखवला. म्हने, बांध एक ओळ."

"कोणाचा बगीचा तो?"

"नाव नाई इचारलं."

"आणि तुमच्या वडिलांची झाडं आहेत हे तरी सांगितलंत ना?"

"सांगून काय करतो? झाडाले नाव लागते का?"

ज्या झाडांसाठी त्यांनी उमेदीची सारी वर्षं घातली, ती त्या एका अनोळखी माणसाच्या शेतात सोडून आल्या होत्या, आणि ती कोणाची हेही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी त्या कुऱ्हाड घेऊन बरडावर गेल्या. गोमाजीभाऊ मागोमाग धावले. "राहू दे न. सावली तं देते," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी कुऱ्हाड मागितली, पण अनुसयाबाईंनी दिली नाही. "मी लावली, मीच तोडतो." सूर्य डोक्यावर यायच्या आत बरड मोकळं झालं. लाकूड त्यांनी गावात ज्याला हवं त्याला नेऊ दिलं, चर बुजवले आणि घरी येऊन सासूबाईंना जेवायला वाढलं.

त्यांनी दुःख लपवलं नाही. पुष्कळ दिवस त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. एका दुपारी मी विचारलं, "पश्चात्ताप होतो का?"

"दुखते," त्या म्हणाल्या. "दुखते म्हनून चुकलं असं थोडी असते?" मग म्हणाल्या, "तुमाले एक सांगतो, बाई. तिथी वरूडले दुसऱ्या दिवशी मले झोप नाई आली. बोडीची पाळ फुटली तं नसन, ह्यायनं गाईले तनस टाकली का नाई, हेच मनात. तवा समजलं, झाडायले इथी करमत नव्हतं. मले तं कवाचंच करमून राह्यलं होतं. माहं मलेच मालूम नव्हतं."

त्या पावसाळ्यात अनुसयाबाई रोवणीला उतरल्या. इतकी वर्षं त्या दिवसांत त्या बरडावर असत, त्यामुळे हे काम त्यांना नीट येत नव्हतं. त्यांची ओळ वाकडी जाई. पोरीसोरी हसत आणि त्याही हसत. केस पिकू लागलेली ती बाई गुडघाभर चिखलात उभी राहून, आपल्या लेकीच्या वयाच्या मुलीकडून रोपं कशी धरायची ते शिकत होती.

त्याच दिवसांत यजमानांची राजुऱ्याला बदली झाली. निघताना आमची बैलगाडी बांध्यांच्या कडेनं चालली होती. मी गाडी थांबवून निरोप घ्यायला उतरले. अनुसयाबाईंनी चिखलाचे हात वर उचलून धरले आणि कोपरांनीच मला जवळ घेतलं. "जा, बाई," त्या म्हणाल्या. "नवी जागा हाय, करमनार नाई. करमन हळूहळू." बायका पुढे गेल्या होत्या. त्यांची ओळ मागे पडली होती. त्यांनी रोपांची पेंडी उचलली आणि त्या पुन्हा पाण्यात वाकल्या.