निळ्यात थोडा राखाडी

खारघरच्या रंगाच्या दुकानात तो माझ्या शेजारी उभा होता. पन्नाशीचा, शर्टाचं गळ्याचं बटणही लावलेलं. मोबाईलवरचा निळा रंग दाखवत तो दुकानदाराला म्हणाला, "हॉलच्या भिंतीला असा पाहिजे."

"काका, मोबाईलमधला रंग उजेडाचा असतो, डब्यातला पावडरीचा. हुबेहूब नाही येणार," दुकानदार म्हणाला आणि त्याने शेडकार्ड उघडलं. त्या माणसाचं बोट थेट एका झळझळीत निळ्यावर गेलं. पण त्याने ते लगेच उचललं.

"हा नको. मागच्या वेळी हाच लावला होता. दार उघडलं की लिफ्टमधून दिसायचा. शेजारचे हसत म्हणाले, 'जयंतीचा मंडप घातलाय काय?' तेव्हापासून पोरगी मैत्रिणींना घरी आणत नाही. बायको म्हणते, रंग निळाच पाहिजे."

"मग यात राखाडी घालू. निळाच राहील, तेज तेवढं कमी होईल."

"घाला. तेज कमी करायची सवय आहे आम्हाला. आडनाव हळू आवाजात सांगितलं, तेव्हा कुठे फ्लॅट मिळाला."

दुकानदाराने पुठ्ठ्यावर नमुना लावून वाळवला. दुकानाच्या दारात जाऊन तो माणूस उन्हात तो पुठ्ठा बराच वेळ बघत राहिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "छान आहे."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला आवडला ना?" तो म्हणाला. "मग सोसायटीलाही चालेल."