पुजलेली पेटी

माझ्या दुकानातली जुनी व्हिडिओ गेमची पेटी मी भामरागडच्या एका चहावाल्याला विकली आणि जिवाला घोर लागला. रोज त्याचा फोन यायचा, "भाऊ, पडदा काळा झाला."

रोज मी सांगायचो, "डाव्या बाजूला जोरात थाप मारा." तो फोन ठेवून द्यायचा.

वैतागून राजुऱ्याहून तिथं गेलो. थाप मारायला हात उचलला, तर पेटीवर दसऱ्याचं हळदकुंकू. त्यानं माझं मनगट हळूच धरलं.

"पुजलेल्या पेटीले मारू कसा, भाऊ?"

"मग परत नेतो."

"राहू द्या. तिले तुमच्या माराची आदत आहे. माह्या हाताची बी लागन हळूहळू." आणि तो खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पेटी पुसत राहिला.

काल घरी टीव्हीचा रिमोट चालेना. तळहातावर आपटायला उचलला आणि तसाच धरून बसलो.