जाऊन राहिली

माझ्या नातवंडांनो,

तुम्ही नाताळच्या सुट्टीत येणार म्हणून तुमच्या बाबांनी मला एका दिवसाच्या सहलीचा कार्यक्रम पाठवला आहे. नागपूरहून सकाळी निघायचं, पवनीचा किल्ला आणि स्तूपाची जागा पाहायची, वैनगंगेच्या काठी जेवायचं, विणकरांच्या गावात हातमाग पाहायचे आणि दिवेलागणीपर्यंत परत. 'आजी, तूही चल,' असं धाकटीने खाली लिहिलं आहे. मी येईन. पण जवळपास हीच सहल मी पूर्वी एकदा केली आहे. तुमचे बाबा तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हते. त्या दिवशी जे झालं ते तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं, कारण गाडीत बसून ते माझ्याने नीट क्रमाने सांगवणार नाही.

सुरुवात भाषेपासून करावी लागेल. सगळं तिथेच अडलं.

मी पुण्याची. लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा माझं इंग्रजी चांगलं होतं आणि मराठीही चांगली आहे अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात तुमचे आजोबा कामाला निघताना दारातून म्हणाले, "मी उमरेडले जाऊन राहिलो." नवी नवरी मागे टाकून हा माणूस उमरेडला राहायला चालला! मी मुकाट्याने त्यांची वळकटी बांधायला घेतली. तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, बघत उभ्या होत्या.

"वळकटी काहून बांधून राहिली वं? संध्याकाळी येते तो."

नागपुरात 'जाऊन राहिलो' म्हणजे 'जातो आहे'. पाय अजून उंबऱ्यातसुद्धा असू शकतो. पुण्यात त्याच शब्दांचा अर्थ गेलो आणि तिथेच मुक्काम केला, असा होतो. सासूबाईंना ही गोष्ट फार आवडली. आल्या-गेल्याला त्या वळकटीची हकीकत रंगवून सांगत. पण त्यानंतर माझ्याशी बोलताना त्या थांबून म्हणत, "थांब, तुझ्यावाल्या भाषेत सांगते," आणि 'मी जाते आहे', 'तो येतो आहे' असं शब्द मोजून बोलत. मी काही बोलले की त्या ते माझ्या पद्धतीने समजून घेत. चौथी शिकलेल्या बाई, पण वर्षभरात त्यांना माझी मराठी माझ्याहून जास्त काटेकोर येऊ लागली. त्याचा त्यांना अभिमानही होता. शेजारणीला सांगायच्या, "माझ्या सुनेसाठी शिकली मी."

आता त्यांच्या माहेराबद्दल. उमरेड आणि पवनी यांच्यामधल्या एका विणकरांच्या गावातल्या त्या. घरात करवती काठाची लुगडी विणली जात, करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेल्या काठाची. त्या लग्न होऊन शहरात आल्या आणि थोरली बहीण त्याच गावात दिली गेली. त्यांच्या आईचं आजारपण थोरलीने काढलं. आई गेल्यावर तेराव्याला सासूबाई भांडी आवरायला पुढे झाल्या, तेव्हा थोरली सगळ्यांसमोर म्हणाली, "राहू दे. तू पाहुणी आहेस. पाहुणीसारखी आली, पाहुणीसारखी जा." त्या दिवसापासून अबोला. तेव्हा माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण तेराव्याला मी गेले नव्हते, त्यामुळे या थोरल्या मावशींना मी एकदाच, माझ्या लग्नात पाहिलेलं. हसऱ्या, ठेंगण्या, बारीक डोळे करून बघणाऱ्या.

मी अनेकदा म्हटलं, आपण जाऊ या. तासा-दोन तासांची तर यस्टी. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "पाहुणीले बोलावणं लागते. बोलावल्याशिवाय कशी जाऊ?"

मग एका हिवाळ्यात आजोबांच्या कचेरीतल्या लोकांनी सहलीची गाडी ठरवली. प्राचीन अवशेष, निसर्गाची नवलाई आणि हातमागाचं गाव, असं पत्रकावर छापलं होतं. गावाचं नाव वाचून मी सासूबाईंना ऐकवलं. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी थोडीच जाऊन राहिली? गाडी नेऊन राहिली." आणि संध्याकाळी बसून त्यांनी पितळी डब्यात बोरकूट भरलं. वाळलेल्या बोरांचं ते आंबटगोड पीठ थोरलीला फार आवडे, एवढं मला आजोबांकडून कळलं.

आजोबांना ऐनवेळी जमलं नाही. तुमच्या बाबांना त्यांच्याजवळ ठेवून आम्ही दोघीच गेलो. मार्गदर्शक एक तरुण होता, पुण्याकडचा, इतिहास शिकलेला, नागपुरात नवाच. गळ्यात शिट्टी, हातात भोंगा. उमरेडला आलूबोंडे खाऊन आम्ही पवनीला पोचलो. त्याने किल्ल्याचा दरवाजा दाखवला, तटाच्या मातीखाली काय काय दडलं असेल ते सांगितलं. टेकडीवर खणून काढलेल्या स्तूपाच्या विटा होत्या. आमच्या मागच्या बाकावर जरीपटक्याकडच्या एक शिक्षिका होत्या, त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. त्या खाली बसल्या, एका विटेवर तळहात टेकवला आणि तशाच थांबल्या. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "तिले तिचं माहेर सापडलं पाहा."

पुढे वैनगंगा. मार्गदर्शक भोंग्यातून म्हणाला, "हीच ती निसर्गाची नवलाई." मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, ही तर नदी आहे!" सगळे हसले, पण मग ते रुंद पाणी आणि पलीकडची पांढरी वाळू बघत काठावर बसले. सासूबाईंचं लक्ष नव्हतं. जेवणही त्यांना गेलं नाही. डब्याचं झाकण नीट बसलंय ना, हे त्या पुन्हा पुन्हा दाबून पाहत होत्या.

गाव आलं. सगळी मंडळी पहिल्याच मोठ्या घरात माग पाहायला उतरली. सासूबाई गाडीच्या पायरीपर्यंत आल्या आणि थांबल्या.

"मी बघून येते," मी म्हटलं.

"तू नको. तुले ओळखते ती. तू गेली म्हणजे मीच गेली." मग त्यांनी मार्गदर्शकाला हाक मारली. त्याच्याशी त्या माझ्यावाल्या भाषेत बोलल्या. "अहो, त्या चिंचेजवळच्या घरात आमच्या ओळखीच्या एक बाई राहतात. त्या घरी आहेत का, एवढं बघून या. मी आले आहे म्हणून सांगू नका."

बेत साधा होता. बहीण घरात आहे असं कळलं की या चिंचेखाली जाऊन उभ्या राहणार. बहीण बाहेर आली तर ते बोलावणंच झालं.

मुलगा भला होता. धावत गेला. घराला कडी होती, शेजारची म्हातारी अंगणात सूत सुकवत होती, तिला विचारून तो परत आला. म्हातारीने त्याला काय सांगितलं असेल ते आता मला अक्षरशः माहीत आहे. त्याने ते आपल्या मराठीत, आदराने, जसंच्या तसं आणलं.

"आजी, त्या उमरेडला जाऊन राहिल्या आहेत."

मी तेव्हा गाडीतून पाण्याची बाटली काढत होते. मी ते ऐकलं, आणि मलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. माझ्या भाषेत ते वाक्य अगदी स्पष्ट होतं.

सासूबाईंनाही होतं. पुण्याचा माणूस बोलतो आहे हे ध्यानात घेऊनच त्यांनी ते ऐकलं. त्या परत जागेवर येऊन बसल्या.

"गाव सोडलं बाईनं. उमरेडले पोराजवळ गेली असन." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मले कळवलंसुद्धा नाही. म्हणजे खरंच पाहुणी झाली मी."

"उमरेड तर वाटेतच आहे," मी म्हटलं. "पत्ता काढू."

"नको. गावात असती तर गोष्ट वेगळी. गाव माझंही आहे. तिथं कशाले जाऊ, लेकाच्या दारात?"

मंडळी परत आली, कोणाच्या हातात लुगडं, कोणाच्या हातात पंचा. गाडी निघाली. सासूबाईंनी डबा उघडला आणि बोरकूट सगळ्यांच्या हातावर ठेवायला सुरुवात केली. शिक्षिकाबाई बोट चाटत म्हणाल्या, "काय छान झालंय हो! एवढं कोणासाठी करून आणलं होतं?"

"तुमच्याचसाठी."

उमरेडच्या अलीकडे आमच्यापुढे यस्टीची लाल गाडी धूळ उडवत चालली होती. "मागे टाका तिले, उस्ताद!" पुरुष ओरडायला लागले. ड्रायव्हरने हॉर्न दाबला आणि गाडी उजवीकडून काढली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. लाल गाडीतली माणसं खिडक्यांतून बघत होती, आमच्यातल्या कोणी त्यांना हात केले. सासूबाईसुद्धा थोड्या हसल्या. तोंडाला बोरकूट लागलेलं होतं.

दोन वर्षांनी मावशी वारल्या. निरोप घेऊन त्यांची उमरेडची सून आमच्याकडे आली. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बराच वेळ रडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "उमरेडहून कितीले निघाली वं?"

"उमरेडहून कशाले? गावाहून आली मी."

"बाई तर उमरेडले राहायले गेली होती ना?"

"कोण म्हणते? गाव सोडून एक रात्र कुठं राहिल्या नाही त्या. डोळे दाखवायले जात उमरेडले, दुपारच्या गाडीनं. रात्री वस्तीच्या गाडीनं परत."

मग सासूबाई माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "जाऊन राहिली." पुन्हा एकदा, आमच्या घरच्या पद्धतीने, "बाई उमरेडले जाऊन राहिली." आणि मला कळलं. आम्ही गावात पोचण्याच्या जरा आधी मावशी घराला कडी घालून फाट्यावर गेल्या होत्या. मग ती लाल गाडी आठवली. तीत त्या होत्या असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दुपारची गाडी ती एकच होती.

सून गेल्यावर मी म्हटलं, "आई, मी तिथे होते, मलाही कळलं नाही."

"तुले कसं कळन? तुझं बरोबरच होतं. मीच तुझ्यासारखं ऐकलं." पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "इतकं चांगलं शिकाले नव्हतं पाहिजे मी."

त्या रागावल्या नव्हत्या. त्यामुळेच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्या माझ्यासाठी शिकल्या होत्या, आणि मी त्यांची भाषा ऐकायला शिकले होते, बोलायला मात्र कधीच नाही. त्यानंतर त्या माझ्याशीही नागपुरीच बोलत. कोणी 'जाऊन राहिला' म्हटलं की विचारत, "रस्त्यात आहे का पोचला?" लहान मुलांनासुद्धा विचारत. मुलं हसायची.

तर ही ती सहल. परवा मी तुमच्या बाबांकडून चौकशी करून घेतली. पवनीचा दरवाजा उभा आहे. टेकडीवर विटा आहेत. वैनगंगेवर खाली धरण झालं, त्यामुळे तुम्हाला वाळू कमी आणि पाणी जास्त दिसेल. गावात आता थोडेच माग चालतात. चिंच पाडली, मावशींच्या घराच्या जागी सिमेंटचं दुकान आहे. पितळी डबा माझ्याकडे आहे, मी त्यात जिरं ठेवते. आणि तुमचे बाबा तिकडून फोन करतात तेव्हा अजून 'आई, मी जेवण करून राहिलो' असंच म्हणतात.