चौथ्या पानाची भोकं

कोर्टाच्या मागच्या फाटकासमोर तिचं झेरॉक्सचं दुकान. दुकान कसलं, एक मशीन, एक टेबल, आणि दोघं आत शिरली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं एवढी जागा. सगळे तिला झेरॉक्सताई म्हणत. बावीस वर्षांत शेकडो मोडलेले संसार तिच्या काचेवर पालथे पडून गेले होते, पण त्यातली एक ओळ वाचली असेल तर शपथ. लोकांची दुखणी वाचायची नाहीत, हा तिचा नेम. कागद सरळ आहे का, कड काळी आली का, पान सुटलं का, एवढंच बघायचं. म्हणून तर वकील मंडळी डोळे मिटून तिच्याकडे फायली टाकून जात.

असा नेम दुकानात ठीक. बाईसाहेबांनी तो घरातही पाळला.

नवऱ्याशी पटेनासं होऊन बरीच वर्षं झाली होती. आधी भांडणं संपली, मग बोलणं संपलं, आणि शेवटी एका सकाळी चहा पिता पिता दोघांनी ठरवलं, वेगळं व्हायचं. नवऱ्याने वकील गाठला, सहा पानी करार करून आणला. "घर निम्मं निम्मं. बाकी तुझं तुला, माझं मला," तो म्हणाला. तिने शेवटच्या पानावर सही ठोकली, पिन काढली, दुकानातच त्याच्यासाठी प्रती काढल्या, कडा तपासल्या. चौथ्या पानाची एक प्रत तिरकी आली, ती रद्दीच्या गठ्ठ्यात टाकली आणि मूळ कागद पुन्हा टाचून त्याच्या हातात दिले. साऱ्या जगाच्या प्रती काढणाऱ्या बाईला स्वतःसाठी एक ठेवायचं सुचलं नाही.

पंधरा दिवसांनी नवरा पुन्हा दारात. "कोर्टात द्यायला अजून तीन संच काढ."

तिने पिन उचकटली, पानं टेबलावर आपटून सारखी केली आणि तिचा हात थबकला. पाच पानांच्या कोपऱ्यात पिनांच्या भोकांची चाळण झाली होती. चौथ्या पानाला मात्र दोनच, नवी कोरी. हे पान तर तिनेच मागे एकदा सोडवून पुन्हा टाचलं होतं. मग याची बाकीची भोकं गेली कुठे?

"मशीन तापलंय," ती म्हणाली. "कागद राहू दे, उद्या ये."

तो गेल्यावर बावीस वर्षांचा नेम मोडला. तिने चौथं पान वाचलं. राहत्या घरावर माझा काहीही हक्क नाही आणि पुढेही मागणार नाही, असं त्यात तिच्याच तोंडी घातलं होतं. तिच्या पायाखालची जमीन सरकली. त्या घराशिवाय तिला दुसरं छप्पर नव्हतं.

समोरच्या इमारतीतल्या वकीलबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. ताईने दुकानाला कुलूप घातलं आणि तडक त्यांचं टेबल गाठलं.

"संपलं हो माझं. सही करून बसलेय."

वकीलबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "काही संपलेलं नाही. न्यायाधीश दोघांना समोर उभं करून विचारतात, मान्य आहे का. तोवर तुम्ही नाही म्हणू शकता. तुमचा वकील कोण?"

"त्याचाच. एकात भागेल, खर्च वाचेल म्हणाला."

"वाचला की. त्याचा. आणि प्रत्येक पानावर सही का नाही घेतली?"

"शेवटच्याच पानावर कर म्हणाला. आणि घर तर त्याच्या नावावर आहे. माझा हक्क पोहोचतो तरी का?"

"हप्ते कोणी भरले?"

"निम्मे दुकानातून गेले."

"मग पासबुक आणा. कागदावर नाव एकाचं असलं म्हणून दुसऱ्याच्या कष्टांवर पाणी पडत नाही. ते मांडावं लागतं, एवढंच. आणि हे भीक मागणं नाही बरं का, ताई. हक्काचं आहे."

ताईला रडू फुटलं. पण रडणं निम्म्यावर आलं असताना तिला ते तिरकं पान आठवलं आणि ती तशीच दुकानाकडे पळत सुटली. वाया गेलेल्या पानांच्या पाठीवर ती गिऱ्हाइकांचे निरोप लिहायची. खिळ्याला अडकवलेला अख्खा गठ्ठा तिने जमिनीवर पसरला. तिसऱ्या ढिगात सापडलं! पाठीवर तिचंच अक्षर, "छत्तीस पानं, दुपारी नेतील". पुढे, तिरकं का होईना, स्पष्ट छापलेलं, घर दोघांचं समान. तिने ते पान छातीशी धरलं आणि खुळ्यासारखी हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी नवरा आला तेव्हा वकीलबाई दुकानातल्या एकुलत्या स्टुलावर बसल्या होत्या. टेबलावर दोन्ही चौथी पानं शेजारी शेजारी मांडलेली. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"पण तू तर कधी वाचत नाहीस," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"नाही वाचत. भोकं बघते."

त्याने कांगावा करून पाहिला, टायपिंगवाल्यावर ढकलून पाहिलं. पण वकीलबाईंनी खोट्या कागदाबद्दल कोर्ट काय काय विचारू शकतं हे शांतपणे सांगितलं, तसा तो नरमला. नवा करार झाला. निम्मं घर तिचं, दुकान संपूर्ण तिचं, आणि या वेळी सहाच्या सहा पानांवर दोघांच्या सह्या.

न्यायाधीशांनी तिला विचारलं, "सगळं वाचून सही केलीत ना?"

"मागच्या खेपेला नाही, साहेब. या खेपेला तीनदा वाचलं."

निकालाची प्रत हातात आली तेव्हा तिला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! दुकान उघडून ती मशीनशेजारी बसली आणि तिने निकाल पहिल्या पानापासून वाचायला घेतला. एवढ्यात काखेत फायली मारून एक वकील धावत आला.

"ताई, चटकन वीस पानं. साहेब बसलेत वर."

बावीस वर्षांत तिने कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं.

"थांबा जरा," ती मान वर न करता म्हणाली. "वाचतेय."